लांब पल्ल्याची रेस: काय खायचं, किती आणि कधी

पहिल्या हाफ किंवा फुल मॅरेथॉनला नाव नोंदवलं की बहुतेक जण आधी बुटांच्या मागे लागतात, मग घड्याळाच्या. खाण्याचा विचार सुरू होतो तो रेसच्या आदल्या रात्री, आणि तोवर फार काही करण्यासारखं उरलेलं नसतं. पायांची तयारी जशी आठवड्यागणिक होते, तशीच पोटाचीही करावी लागते. धावता धावता खाणं आणि खाल्लेलं पोटात टिकवणं हा सरावाचा भाग आहे. तो सरावातच यायला हवा, रेसच्या दिवशी शिकायला वेळ नसतो.

खालचा सगळा हिशोब ६० किलो वजनाच्या धावकाचा आहे. आपलं वजन घालून आकडे बदलून घ्या. मधुमेह, किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल, रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत. आधी डॉक्टरांशी बोला आणि मगच पुढचं वाचा.

आधी थोडी आकडेमोड

सपाट रस्त्यावर धावताना वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला ढोबळमानाने १ किलोकॅलरी खर्च होते. वेग कमीजास्त झाला तरी हा आकडा फारसा हलत नाही. म्हणजे ६० किलोच्या धावकाला फुल मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरसाठी साधारण २,५०० किलोकॅलरी लागतात, हाफला त्याच्या निम्म्या.

आता साठा बघू. कर्बोदकं शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात साठतात. स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास, यकृतात फार तर १०० ग्रॅम. ग्रॅमला ४ किलोकॅलरी धरल्या तर सगळं मिळून २,००० च्या जवळपास. त्यातही मेख अशी, की स्नायूतलं ग्लायकोजेन फक्त त्याच स्नायूला वापरता येतं, ते रक्तात सोडता येत नाही. दंडातला साठा मांडीच्या कामाचा नाही. रक्तातली साखर टिकवायचं काम यकृताच्या अंगावर पडतं, आणि मेंदूही त्याच साखरेवर चालतो.

चरबी सडपातळ माणसाकडेही हजारो किलोकॅलरींची असते. पण तेवढीच ऊर्जा चरबीतून काढायला ऑक्सिजन जास्त लागतो आणि ती सावकाश मिळते. वेग वाढवला की शरीर कर्बोदकांकडे वळतं. पहिले ५ किलोमीटर उत्साहाच्या भरात जोरात काढणारा धावक आपला मोजका साठा तिथेच उधळतो आणि ३० किलोमीटरच्या पुढे कुठेतरी भिंतीला धडकतो, म्हणजे साठा संपून एकदम गळून जातो. पाय उचलत नाहीत हे तर आहेच, पण डोकंही चालत नाही. उरलेले किलोमीटर मोजायला गेलं तर वजाबाकी जमत नाही, उगाच रडू येतं, पाण्याचा ग्लास पुढे करणाऱ्या स्वयंसेवकाचा राग येतो. म्हणून पेस, म्हणजे धावण्याचा वेग, हा खाण्याच्या नियोजनातलाच भाग समजा. चुकीच्या वेगाने उडवलेला साठा जेल (धावताना खायचा, पाकिटातला दाट गोड पाक) खाऊन भरून निघत नाही.

हे काही नवीन ज्ञान नव्हे. १९२४ साली बॉस्टन मॅरेथॉन संपवणाऱ्या काही धावकांचं रक्त तपासलं गेलं. जे सर्वांत जास्त गळून गेले होते, त्यांच्या रक्तातली साखर फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी धावकांना आधी कर्बोदकं वाढवायला आणि धावताना गोड गोळ्या खायला सांगितलं, तर साखरही टिकली आणि धावकांची अवस्थाही बरी राहिली. आज आपण तेच करतो. फक्त गोळ्यांच्या जागी जेल आले.

पहिली पायरी: आपण किती वेळ धावणार?

खाण्याचं गणित अंतरापेक्षा वेळेवर बसतं. तुमचे अलीकडचे लाँग रन, म्हणजे सरावातल्या लांब धावा, बघून रेसला लागणारा वेळ प्रामाणिकपणे लिहून काढा. पुढचं सगळं त्यावरून ठरेल.

७५ मिनिटांच्या आत संपणाऱ्या रेसला, म्हणजे बहुतेकांच्या १० किलोमीटरला, वाटेत खायची गरज नाही. नीट नाश्ता केला असेल आणि तहान लागेल तेव्हा पाणी प्यायलात की पुरे. फार तर स्पोर्ट्स ड्रिंकचा घोट घ्या. गंमत म्हणजे तो घोट तोंडात खळखळवून थुंकून टाकला तरी साधारण तासाभराच्या जोरदार व्यायामात फायदा होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. तोंडाला साखर कळली की मेंदू पायांवरचा लगाम थोडा सैल करतो.

सव्वा ते अडीच तासांच्या धावेला ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. त्यापुढे ताशी ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं, पण त्याला एक अट आहे. आतड्यातून ग्लुकोज शोषून घेणारी यंत्रणा ताशी ६० ग्रॅमच्या आसपास भरून जाते. फ्रुक्टोजचा रस्ता वेगळा असतो. त्यामुळे ६० च्या वर जायचं असेल तर दोन्ही साखरा असलेलं जेल किंवा पेय हवं, नाहीतर वरचा माल पोटातच पडून राहतो आणि मग काय होतं ते सांगायला नको.

अव्वल धावक ताशी ९० ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त घेतात, हे पाहून नवखे धावक तेच करायला जातात. हिशोब करून बघा. आपल्या ६० किलोच्या धावकाला मॅरेथॉनला ५ तास लागत असतील तर त्याचा खर्च ताशी ५०० किलोकॅलरी. त्याच वजनाचा अव्वल धावक ती सव्वादोन तासांच्या आत संपवतो, त्याचा खर्च ताशी १,१०० च्या वर. शिवाय त्याचं पोट वर्षानुवर्षं तयार झालेलं असतं. माझ्या मते पहिल्या मॅरेथॉनला ताशी ४५ ते ६० ग्रॅम भरपूर झाले, आणि हाफला ताशी ३० ते ४५.

दुसरी पायरी: पोटाचा सराव

धावायला लागलं की रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळतं, पचनसंस्थेच्या वाट्याला फार थोडं येतं. त्यात वरून सतत हिसके. म्हणून एरवी सहज पचणारी गोष्ट १८ व्या किलोमीटरला मळमळ, ढेकर, पोटात मुरडा किंवा सरळ शौचालयाची धाव असं रूप घेते. चांगली गोष्ट अशी की पोट शिकतं. धावताना नियमित कर्बोदकं देत गेलं की पोट लवकर रिकामं व्हायला लागतं आणि आतडंही जास्त साखर शोषायला सरावतं.

रेसच्या ८ ते १० आठवडे आधी सुरुवात करा. आठवड्याच्या लाँग रनला ताशी २५ ते ३० ग्रॅमपासून. दोन आठवडे ते निभलं की थोडं वाढवा. शेवटचे दोन-तीन मोठे लाँग रन हे रेसची रंगीत तालीम समजा. तोच नाश्ता, तीच वेळ, तोच जेल, तोच पट्टा किंवा खिशाची चड्डी.

काय खायचं यात फार धर्मयुद्ध नको. बाजारातल्या बहुतेक जेलमध्ये २० ते ३० ग्रॅम कर्बोदकं असतात, पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचा. ६ टक्क्यांच्या स्पोर्ट्स ड्रिंकच्या अर्ध्या लिटरमध्ये ३० ग्रॅम. मध्यम केळ्यात २७ च्या आसपास. लहान खजुरात ५ ते ६. चमचाभर (मोठा चमचा) मधात १७. केळं आणि खजूर स्वस्त आणि ओळखीचे आहेत, पण दमछाक होत असताना चावून गिळणं अवघड जातं आणि त्यातले तंतू काहींना त्रास देतात. सावकाश धावणाऱ्यांना ते चालून जातात. जोर लावणाऱ्यांना जेल सोपा.

जेल साध्या पाण्याबरोबर घ्यायचा, स्पोर्ट्स ड्रिंकबरोबर नाही. दोन्ही गोड एकत्र गेले की पोटातलं मिश्रण फार दाट होतं, आतडं त्यात पाणी ओढून घेतं आणि पोट डचमळायला लागतं. पाणी मिसळूनच बनवलेले पातळ जेल मिळतात, त्यांना ही अट कमी लागते.

जेल फोडण्याचाही सराव करा. ऐकायला हास्यास्पद वाटतं खरं. पण २५ व्या किलोमीटरला बोटं घामाने आणि आधीच्या जेलने चिकट झालेली असतात, खाचेची बाजू सापडत नाही, दातांनी कोपरा ओढावा तर अर्धा जेल हनुवटीवर आणि उरलेला मनगटावर. खाच कुठे आहे ते खिशातून काढतानाच अंगठ्याने चाचपायचं. फाडलेली चिंधी पाकिटाला लागूनच राहील इतपतच फाडायचं, जेल तळापासून वर दाबत एकदम न गिळता दोन-तीन वेळा घ्यायचा, आणि रिकामं पाकीट खिशात परत. रस्त्यावर टाकू नका, मागून येणारा त्यावरून घसरतो.

रेसच्या एड स्टेशनवर, म्हणजे वाटेतल्या खाण्यापिण्याच्या टेबलांवर, कोणतं पेय आणि कोणता जेल असणार, हे आयोजक बहुधा आधी कळवतात. तोच आणून सरावात वापरून बघा. पोटाला मानवला नाही तर आपला सोबत न्यायचा, एवढंच.

आणखी एक गोष्ट, जी ऐकायला नवख्यांना आवडत नाही. मॅरेथॉनची तयारी आणि वजन उतरवणं एकाच वेळी करू नका. मोठ्या अंतराच्या आठवड्यांत पोट मारलं तर थकवा साचतो, दुखापती वाढतात, बायकांची पाळी अनियमित होते, हाडं कमजोर होतात. उपाशीपोटी लाँग रन करण्याचा सल्लाही नवख्यांनी बाजूला ठेवावा.

तिसरी पायरी: शेवटचे दोन दिवस

कार्ब लोडिंग म्हणजे रेसच्या आधी कर्बोदकं वाढवून साठा भरणं. त्याचं मूळ एका गमतीदार प्रयोगात आहे. स्वीडनचे जोनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हल्टमन यांनी १९६६ मध्ये प्रयोगासाठी स्वतःचेच पाय वापरले. एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकेका पायाने दमेपर्यंत पेडल मारलं आणि पुढचे तीन दिवस भरपूर कर्बोदकं खाल्ली. मग दोन्ही पायांच्या स्नायूंचे नमुने तपासले. दमलेल्या पायात ग्लायकोजेन आरामातल्या पायाच्या जवळपास दुप्पट भरलं होतं.

त्यावरून पुढे अशी पद्धत आली, की आधी तीन दिवस कर्बोदकं जवळजवळ बंद करून साठा रिता करायचा आणि मग भरायचा. माणसं चिडचिडी व्हायची, रेसच्या तोंडावर आजारी पडायची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पष्ट झालं की रितं करायची गरजच नाही. टेपरमध्ये, म्हणजे रेसच्या आधीच्या हलक्या सरावाच्या काळात, धावणं कमी झालेलं असतं, तेवढ्यात कर्बोदकं वाढवली की साठा भरतो. अजूनही कुणी रितं करण्याचा सल्ला दिला तर नम्रपणे ऐका आणि सोडून द्या.

दीड तासापेक्षा जास्त चालणाऱ्या रेससाठी शेवटच्या ३६ ते ४८ तासांत वजनाच्या दर किलोमागे रोज १० ते १२ ग्रॅम कर्बोदकं, असा क्रीडापोषणातला शिफारशीचा आकडा आहे. खरं सांगायचं तर हौशी धावकाला एवढं खाणं जड जातं. ७ ते ८ ग्रॅम गाठले तरी फरक पडतो. हाफसाठी एक दिवस पुरे.

८ ग्रॅम म्हणजे ६० किलोला ४८० ग्रॅम कर्बोदकं. ताटात हे कसं दिसतं? सकाळी पांढऱ्या ब्रेडचे ४ स्लाइस, त्यावर २ मोठे चमचे मध, सोबत एक केळं, झाले ११५ च्या आसपास. दुपारच्या आधी अर्धा लिटर फळांचा रस, ५५. दुपारी ४०० ग्रॅम शिजलेला भात, ११०. चारच्या सुमारास अर्धा लिटर स्पोर्ट्स ड्रिंक आणि एक केळं, ५७. रात्री ३५० ग्रॅम शिजलेला पास्ता, १०५. झोपायच्या आधी ६ लहान खजूर, ३५. बेरीज ४७७. मोठ्या भरलेल्या थाळीवर बसून हा आकडा गाठता येत नाही, तो दिवसभर विभागावा लागतो आणि थोडा पिऊन भागवावा लागतो.

हे सगळं नेहमीच्या जेवणावर चढवायचं नाही. तेल, लोणी, चीज, तळलेलं आणि मांस यांच्या जागी ते बसवायचं. आदल्या रात्री चमचमीत पार्टी म्हणजे कार्ब लोडिंग नव्हे. त्यात चरबीच जास्त जाते आणि सकाळी पोट जड. शेवटचे एक-दोन दिवस कोंडा, डाळी, कच्ची कोशिंबीर, सालीसकट फळं असं तंतुमय खाणंही कमी करा. एरवी तब्येतीला चांगलं असलेलं हे खाणं रेसच्या सकाळी आतड्यात भार बनून राहतं. दूध ज्यांना थोडं बाधतं, त्यांनी या दोन दिवसांत तेही टाळावं.

वजनकाटा एक-दीड किलो वर गेला तर घाबरू नका. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं. ही वाढ म्हणजे लोडिंग नीट झाल्याची खूण.

चौथी पायरी: रेसची सकाळ

रात्रभराच्या झोपेत स्नायूंचा साठा तसाच राहतो, यकृताचा मात्र बराच उतरतो, कारण मेंदूला झोपेतही साखर लागते. नाश्ता त्यासाठी असतो. तो चुकवला तर पाय भरलेले आणि डोकं रिकामं अशी सुरुवात होते.

सुटण्याच्या जितके तास आधी खाणार, साधारण तितके ग्रॅम दर किलोमागे, ही लक्षात ठेवायला सोपी रीत. ३ तास आधी असाल तर किलोमागे ३ ग्रॅम, तासभर आधी असाल तर १. पहाटेच्या रेसला ३ तास आधी उठवत नाही, त्यामुळे बहुतेकांचा नाश्ता दीड-दोन तास आधी होतो. त्यासाठी किलोमागे दीड ग्रॅम म्हणजे ९० ग्रॅम धरा. ब्रेडचे ३ स्लाइस, एक मोठा चमचा मध आणि एक केळं. बस्स. अंडी, लोणी, सुकामेवा आज नको.

भीतीने घास उतरत नसेल तर तेवढीच कर्बोदकं प्या. रस किंवा स्पोर्ट्स ड्रिंक सहज जातं.

उठल्यावर दीडएक तासात ३०० ते ४०० मिलिलिटर पाणी सावकाश प्या. लघवी फिकट पिवळी दिसली की थांबा. सुटण्याच्या रांगेत उभं राहून बाटलीभर पाणी रिचवणाऱ्याला पहिल्याच किलोमीटरला झुडूप शोधावं लागतं.

कॉफी रोज पीत असाल तर आजही प्या. कॅफिनचा फायदा किलोमागे साधारण ३ मिलिग्रॅमपासून दिसतो, म्हणजे आपल्या धावकाला १८० मिलिग्रॅम, सुटण्याच्या तासभर आधी. एका कपात बहुधा ८० ते १०० मिलिग्रॅम असतं, पण कपागणिक फार फरक पडतो. कॉफीने पोट साफ होतं हे बऱ्याच जणांना माहीत आहे, त्यामुळे ती घरी किंवा मुक्कामी असतानाच घ्या. ज्यांना सवय नाही, त्यांनी आजचा दिवस मुहूर्त धरू नये. कॅफिनवाल्या जेलचंही तेच.

गोड खाल्ल्यावर अर्ध्यापाऊण तासाने काहींची साखर एकदम उतरते आणि सुरुवातीलाच गळल्यासारखं वाटतं. सगळ्यांना होत नाही, पण तुम्हाला होत असेल तर सुटण्याआधीच्या त्या तासात गोड टाळा आणि पहिला जेल अगदी ५-१० मिनिटं आधी घ्या. धावायला लागल्यावर खाल्लेल्या गोडाने ही घसरण होत नाही.

दुखणं टाळायला म्हणून आयबुप्रोफेनसारखी गोळी आधीच घेणारे धावक बरेच भेटतात. घेऊ नका. घाम गळत असताना या गोळ्यांचा किडनीवर ताण येतो आणि आतड्यालाही इजा होते.

पाचवी पायरी: धावताना

भूक लागेल तेव्हा खाऊ, हे धोरण इथे चालत नाही. भूक लागली, गळून गेलं, असं वाटेपर्यंत साखर उतरलेली असते आणि खाल्लेलं रक्तात पोचायला वेळ लागतो. म्हणून घड्याळाने खायचं. दर अर्ध्या तासाला गजर लावा. पहिला जेल ३० व्या मिनिटाला, अगदी ताजंतवानं वाटत असताना. तेव्हा नको वाटतो, तरी घ्यायचा.

५ तासांच्या मॅरेथॉनला २५ ग्रॅमचे जेल ३०, ६०, ९० असे करत २७० व्या मिनिटापर्यंत घेतले तर होतात ९, म्हणजे २२५ ग्रॅम, ताशी ४५. अडीच तासांच्या हाफला ३०, ६०, ९० आणि १२० व्या मिनिटाला मिळून ४, म्हणजे ताशी ४०. नऊ जेल अंगावर बाळगणं कंटाळवाणं आहे. काही जेलऐवजी एड स्टेशनवरचं स्पोर्ट्स ड्रिंक धरता येईल, पण ग्लासात येतं किती? शंभर-दीडशे मिलिलिटर, त्यातलं काही अंगावर सांडतं. एका ग्लासाचे ६ ते ८ ग्रॅमच मोजा. एका जेलऐवजी ३-४ ग्लास लागतील. घड्याळाची वेळ आणि एड स्टेशन पाच मिनिटांनी मागेपुढे असेल तर एड स्टेशन धरा, कारण जेलला पाणी लागतं.

एड स्टेशनवर पहिल्या टेबलाशी सगळे तुटून पडतात. पुढच्या टेबलांकडे जा, तिथे जागा असते. कागदी ग्लासचं तोंड दोन बोटांनी चिमटून त्याची चोच करा, म्हणजे पाणी नाकात जात नाही. आणि सरळ चालत प्या. वीस-तीस पावलं चालल्याने रेस बिघडत नाही.

पोट बिघडायला लागलं तर आधी वेग कमी करा, पाच-दहा मिनिटं फक्त पाणी घोटघोट घ्या, आणि मग अर्धा जेल करून बघा. बहुतेक वेळा एवढ्याने सुटतं. पूर्ण खाणं बंद करून रेटत राहिलात तर तासाभराने भिंत ठरलेली. शेवटच्या टप्प्यात गोड नकोसंच झालं, तर पेय तोंडात खळखळवून थुंकलं तरी चालेल.

पाणी आणि मीठ

१९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनच्या वाटेवर पाण्याची सोय जवळजवळ नव्हती. कडक उन्हात, धुळीच्या रस्त्यावर ३२ धावकांनी सुरुवात केली आणि १४ जणांनी संपवली. विजेता थॉमस हिक्स याला वाटेत अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिक्निन देत देत पुढे नेलं होतं. स्ट्रिक्निन म्हणजे उंदीर मारायचं विष. त्या काळात पाणी कमी पिणं ही मर्दुमकी होती. नंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला, तहान लागायच्या आधीच प्या, जितकं जाईल तितकं प्या असं सांगितलं जाऊ लागलं. त्याचीही किंमत मोजावी लागली.

२००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम नेहमीच्या पातळीच्या खाली उतरलेलं निघालं. घामातून गेलं त्यापेक्षा जास्त पाणी प्यायलं की रक्त पातळ होतं, मेंदूला सूज येऊ शकते, जीवही जातो. हा धोका कुणाला जास्त? वाटेत वजन वाढलेल्यांना आणि ४ तासांहून जास्त वेळ धावणाऱ्यांना. म्हणजे आपल्यासारख्यांनाच. सावकाश धावणाऱ्याला घाम कमी येतो आणि एड स्टेशनवर थांबायला वेळ भरपूर मिळतो. स्पोर्ट्स ड्रिंकने हा धोका टळतो असंही नाही. त्यातलं सोडियम घामातल्यापेक्षा बरंच कमी असतं.

आपला घाम मोजून घ्या. तासभर धावायच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. आधी ६०, नंतर ५९.२, वाटेत ४०० मिलिलिटर पाणी प्यायलात, तर तासाला १.२ लिटर घाम गेला. हे थंडीत आणि उकाड्यात वेगवेगळं करून बघा, आकडे बदलतील. गेलेला सगळा घाम वाटेत भरायचा नसतो. शेवटी वजन दोनएक टक्के उतरलेलं असणं ठीक आहे, चढलेलं असणं मात्र चूक. रोजच्या नियमासाठी तहान पुरेशी. तहान लागली की प्या, नसेल तर ग्लास सोडून द्या.

मिठाच्या गोळ्यांचं प्रस्थ उगाच वाढलं आहे. हाफला त्या लागत नाहीत. टोपीवर आणि कपड्यांवर पांढरे डाग पडणाऱ्यांना, उकाड्यात ४-५ तास धावायचं असेल तर, खारट काहीतरी घेतल्याने बरं वाटतं. पण जास्त पाणी पिण्याची भरपाई मिठाने होत नाही.

रेस संपल्यावर

मेडल गळ्यात पडलं की लगेच बसू नका, दहा मिनिटं चालत राहा. मग घोटघोट पाणी किंवा स्पोर्ट्स ड्रिंक. जोरात धावल्यावर तास-दोन तास भूक मरते, खाण्याच्या वासानेही ढवळतं. अर्ध्या तासात खाल्लं नाही तर सगळं वाया, अशी भीती घातली जाते, ती हौशी धावकाला लागू नाही. लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा धावायचं असेल तर पहिले चार तास दर तासाला किलोमागे १ ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. तुम्ही तर चार दिवस जिनेही उलटे उतरणार आहात. दिवसभरात नीट जेवलात तरी साठा भरतो. उलट मॅरेथॉननंतर स्नायूंना झालेल्या इजेमुळे तो हळूच भरतो, घाई करून उपयोग नाही.

तरीही तासाभरात काहीतरी पोटात गेलं तर अंगातली थरथर कमी होते. २० ते २५ ग्रॅम प्रथिनं आणि ६०एक ग्रॅम कर्बोदकं मिळतील असं बघा. दूध पचत असेल तर दोन-तीन ग्लास चॉकलेटचं दूध हा सोपा मार्ग, चावावंही लागत नाही. पुढचे दोन-तीन दिवस प्रत्येक जेवणात प्रथिनं ठेवा आणि भूक लागेल तसं खा. खरी भूक दुसऱ्या दिवशी लागते.

वजन दीड किलो उतरलं असेल तर पुढच्या काही तासांत मिळून २ लिटरच्या आसपास पाणी प्या, एकदम नाही, आणि जेवणातल्या मिठासोबत. दारू निदान पाणी आणि जेवण होईपर्यंत लांब ठेवा.

डोकं दुखतंय, मळमळतंय, बोटं सुजून अंगठी घट्ट झाली आहे, बोलणं असंबद्ध होतंय, अशा वेळी पाणी पाजत बसू नका. थेट वैद्यकीय तंबूत न्या आणि किती प्यायलं होतं ते सांगा. लघवी गडद तपकिरी आली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

संध्याकाळी पाय वर करून बसलात की वहीत चार ओळी लिहा. नाश्त्याला काय होतं आणि किती वाजता, कोणत्या मिनिटाला कोणता जेल, पोट कुठे कुरकुरलं, हवा कशी होती, खिशात किती जेल उरले. उरलेल्या जेलचा आकडा खरा लिहा. बरेच जण योजनेतले आकडे लिहितात आणि खिशात चार पाकिटं तशीच असतात.